दातामागचा च

विजू,

तू शांतपणे गेलीस असं सगळे सांगत सुटलेत. काल मिसरोदला तुमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. तुझ्या फोटोला हार, समोर पांढऱ्या चादरी, आणि माइकवर एकामागून एक माणसं. बड़ी शांति से गईं, म्हणे. आपल्या दंतवैद्यांच्या संघटनेतले ते गृहस्थ, ज्यांना तू कायम 'सत्कारमूर्ती' म्हणायचीस, त्यांनी तर तुझ्या चेहऱ्यावरच्या समाधानाचं रसभरीत वर्णन केलं. ते इस्पितळाकडे फिरकलेसुद्धा नव्हते. मी मागे भिंतीला टेकून बसले होते आणि दातओठ खात होते. उठून बोलले असते तर तमाशा झाला असता, आणि तुझ्या राकेशजींची तो सोसण्याची अवस्था नव्हती. म्हणून गप्प बसले आणि आज हे तुला लिहिते आहे.

तू शांतपणे गेली नाहीस. तू बोलत होतीस आणि तिथे एकालाही कळत नव्हतं, कारण तुझी प्लेट हरवली होती.

त्या प्लेटला सत्कारमूर्ती माइकवर 'डेंचर' म्हणाले. कॅन्सरपायी तुझ्या वरच्या जबड्याचा उजवा भाग कापून काढला होता. टाळूला भोक होतं, तोंड आणि नाक एक झालं होतं. प्लेट काढली की प्यायलेलं पाणी नाकातून यायचं आणि बोललेला शब्दही नाकातूनच वाहून जायचा. ते भोक बुजवणारी, गेलेले दात धरून ठेवणारी, जिभेला टेकायला पुन्हा टाळू देणारी ती वस्तू. आणि हा पदवीधर माणूस तिला कवळी म्हणतो. वर तुझ्या लढाऊ वृत्तीबद्दल दोन टाळ्या घेतो.

आणि तो नेहमीचा प्रश्न, तो तर कालही कोणीतरी माझ्या कानाशी येऊन विचारलाच. "मैडम गुटखा खाती थीं क्या?" तू कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नाहीस. आयुष्यभर लोकांना तंबाखू सोडा म्हणून ओरडून घसा बसवून घेतलास. तरी ह्यांना कारण हवं, म्हणजे आपल्याला ते होणार नाही अशी खात्री करून घरी जाता येतं. मी त्या बाईंना म्हटलं, नाही, फक्त वरणभात खायची. त्यांना राग आला असावा. येऊ दे.

तुझ्यावरही राग आहे माझा, तो नंतर सांगते.

आपलं पहिलं मोठं भांडण त्या स्कॅनरवरून झालं होतं. बाग सेवनियातलं आपलं क्लिनिक नुकतं कुठे चालायला लागलं होतं आणि तू तो पेनासारखा स्कॅनर आणायचा हट्ट धरलास. तोंडात फिरवायचा की पडद्यावर दात उमटतात, त्यावर संगणकात कॅप आखायची आणि झिरकोनियाच्या ठोकळ्यातून मशीनने कोरून काढायची. मी मापाचा गुलाबी मसाला कालवून, ट्रेमध्ये भरून, पेशंटच्या तोंडात दाबून धरणारी बाई. माझ्या बोटांना जे कळतं ते पडद्यावर कळत नाही असं मी म्हणाले. तू म्हणालीस, "शुभे, तू कणीक तिंबत बस. मी पुढे जाते."

आणला स्कॅनर. पहिल्याच आठवड्यात आलेल्या पेशंटचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. गुटख्याने गाल आतून चामड्यासारखे ताठ झालेले. तुझ्या स्कॅनरचं टोक आत जाईना. मी लहान ट्रे काढून तुझ्यापुढे ठेवला. तू इतकी चिडलीस की दिवसभर माझ्याशी हिंदीत बोललीस. रागावलीस की तू माझ्याशी हिंदीत बोलायचीस, हे राकेशजींनाही ठाऊक होतं. ते फोनवर तुझं माझ्याशी चाललेलं हिंदी ऐकून विचारायचे, आज शुभाजी से झगड़ा हुआ क्या.

पण हेही सांगते, तू मशीनच्या ताब्यात गेली नाहीस कधी. संगणक प्रत्येकाला जाहिरातीतले दात सुचवायचा, सरळ, एकसारखे, न्हाणीघराच्या टाइल्सइतके पांढरे. पेशंटनाही तेच हवे असायचे. तू बसायचीस, एक दात जरा फिरवायचीस, एकाची कड झिजवायचीस, रंग उतरवायचीस. ह्या वयात ह्या माणसाला असे दात नसतात म्हणायचीस. लोक कुरकुरायचे आणि बसवल्यावर आरशापुढून हलायचे नाहीत. मला तेव्हा तुझा हेवा वाटायचा. तुझ्यामुळे मी एका ठरीव कामातून वाचले, विजू. तू नसतीस तर मी मसाला कालवतच म्हातारी झाले असते, आणि ह्या कामात मजा आहे हे मला कळलं नसतं.

मग तुझ्याच दाढेवर सूज आली. तुझ्या जिभेला ती आधी लागली, आणि आरशात न बघता तू मला म्हणालीस की हे चांगलं नाही. तपासण्या झाल्या, ऑपरेशनची तारीख मिळाली. आदल्या दिवशी तू क्लिनिकवर आलीस, स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसलीस आणि स्कॅनर माझ्या हातात दिलास. म्हणालीस, उद्यापासून हे नसणार, आज आहे तसं घेऊन ठेव. मी तुझं तोंड स्कॅन केलं. पडद्यावर एकेक दात उमटत होता. तो तुझा समोरचा किंचित वळलेला दात, ज्याच्यावरून कॉलेजात मी तुला चिडवायचे, तो आला तेव्हा मी पडद्याकडेच बघत राहिले आणि तो भाग पुन्हा घ्यावा लागला. तू डोळे मिटून घेतले होतेस. मला वाटलं तू रडतेयस. तू म्हणालीस, नीट धर, माझी मागची दाढ सुटली.

ऑपरेशननंतर त्या मोठ्या इस्पितळातच तुला पहिली प्लेट करून दिली. भरीव, जड. बोलता बोलता खाली सरकायची. पण भोक बंद झालं होतं, शब्द फुटत होते. सगळे खूश. घरी आलीस तेव्हा मी भेटायला आले, आणि तू मला म्हणालीस, चमचा दे. मी चमचा दिला. तू तो हातात धरून माझ्याकडे बघत राहिलीस. तू पुन्हा म्हणालीस, चमचा. आणि मग मला ऐकू आलं. तुझा चमचा हिंदी झाला होता.

आपल्याकडे लिहायला च एकच आहे, बोलायला दोन. चहातला वेगळा, चमच्यातला वेगळा. चहातला जिभेच्या पाठीने टाळूवर उमटतो. चमच्यातला जिभेच्या टोकाने, वरच्या दातांच्या अगदी मागे. हिंदीत हा दुसरा नाहीच. ज्याने ती प्लेट बनवली त्याने दातांच्या मागे चांगला जाड थर ठेवला होता, मजबुतीसाठी. हिंदी बोलणाऱ्याला त्याचा काही त्रास नाही. तुझी जीभ मात्र तिथे जायला बघायची, आणि तिथे भिंत होती.

तू तक्रार केलीस तर त्या इस्पितळातल्या बोलण्याचा व्यायाम घेणाऱ्या मुलाने तुला काय सांगितलं, आठवतं? "मैडम, च तो च होता है। सब क्लियर आ रहा है।" राकेशजी पण तेच म्हणाले, विज्जी, सब समझ में आता है, तू चिंता किस बात की करती है. बिचाऱ्यांचं चुकलं नाही. ते जबलपूरकडचे, तीस वर्षं संसार केला पण तुमच्या घरात मराठी कधी नांदलीच नाही. अंकुरही म्हणाला, "आई, मला तर सेमच वाटतं ना. तू उगाच टेन्शन घेऊन राहिली." त्या 'घेऊन राहिली'साठी तू माझ्याकडे बघितलंस, कारण हे वऱ्हाडी वळण तो माझ्याकडून शिकला होता. पोटचा मुलगा, आणि त्याला दोन च मधला फरक ऐकू येत नाही. त्या दिवशी तू प्लेट काढून टेबलावर आपटलीस.

मीही तुला विचारलं होतं, कबूल. घरी हिंदी, पेशंटशी हिंदी, बाजारात हिंदी. मराठी बोलतेस ती माझ्याशी, आणि थोडीफार अंकुरशी. मला तर कळतंय. मग एवढा आकांत कशाला? तू म्हणालीस, "कळतंय म्हणजे काय? मी काय स्टेशनवरची घोषणा आहे? मला माझ्यासारखं बोलायचंय." आणि मग हळू आवाजात सांगितलंस की स्वतःचं नावसुद्धा तुला नीट घेता येत नाही. विजू. तो ज दातामागचा. राकेशजी तुला विज्जी म्हणतात, बाकी सगळे विजया मॅडम. विजू म्हणणारी तुझी आई होती, आणि मी आहे.

मग आपण बसलो. क्लिनिक बंद करून, दुपारच्या वेळात. किरणांच्या उपचारांनी तुझंही तोंड आता दोन बोटंच उघडत होतं, स्कॅनर आत जात नव्हता. मी लहान ट्रे काढला. तू हसलीस. मी माझ्या कणकेने भोकाचं माप घेतलं, तू ते माप स्कॅन केलंस, त्यावर तुझ्या ऑपरेशनआधीच्या दातांचं चित्र बसवलंस, वळलेल्या दातासकट. संगणक तो दात सरळ करू पाहत होता आणि तू त्याला तीनदा बजावलंस. भोकात बसणारा गोळा आतून पोकळ आखलास, म्हणजे प्लेट हलकी होईल. थरावर थर चढवणाऱ्या दुसऱ्या मशीनवर प्लास्टिकसारख्या रेझिनची चाचणीची प्लेट निघाली, कच्ची, पिवळट.

मग आपला तो उद्योग. प्लेटच्या टाळूवर पावडर भुरभुरायची, तोंडात बसवायची, एकच शब्द बोलायचा, आणि प्लेट काढून बघायचं की जिभेने पावडर कुठे पुसली. चमचा. चाळणी. झाडू. जरा. पुसलेला ठिपका दातांपासून लांब पडला की तू तो भाग पडद्यावर पातळ करायचीस, आणि नवी प्लेट काढायचीस. शबाना झाडलोट करायला आली की आपल्याला बघून म्हणायची, दोन्ही मॅडम शाळेत बसल्यात. 'जरा' शब्द तू मुद्दाम घेतलास, कारण लिहायला एकच आणि दातामागून बोललं तर थोडंसं, टाळूवरून बोललं तर म्हातारपण. मला दोन्ही म्हणता आले पाहिजेत म्हणालीस. दुसऱ्याची तुला गरज पडली नाही, विजू. त्याचाही मला संताप येतो.

आपण तिथेही भांडलो. कोणाचा च खरा यावर. तुझे वडील कारखान्यात इंजिनियर म्हणून पुण्याहून आलेले, तुमच्या क्वार्टरमध्ये शुद्ध बोलायची सक्ती. माझे आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर आले आणि कोटऱ्यात घर करून राहिले. तू म्हणायचीस, शुभे, तुझ्या च ला संत्र्याचा वास येतो, तू परीक्षक कशी चालशील. मी म्हणायचे, मग बोलाव पुण्याहून कोणाला. पण कान माझाच लागायचा. तू बोलायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. मी नकारार्थी मान हलवली की नवी प्लेट. कितीतरी वेळा हलवली. कधीकधी कंटाळून होकार द्यावासा वाटायचा, पण तू चेहऱ्यावरून ओळखलं असतंस.

आणि मग एका दुपारी तू प्लेट बसवलीस, जीभ फिरवलीस, पावडरचा विषय न काढता उठलीस, पर्स घेतलीस आणि म्हणालीस, "चल, चहा घेऊ."

दोन्ही च होते त्यात. दोन्ही आपापल्या जागी. तुला माहीतच होतं तू काय म्हणालीस ते. मी खुर्चीत बसून रडले आणि तू दारात उभी राहून मला म्हणत होतीस की रडणं आटप, टपरी बंद होईल. त्या दिवशी तू इतकी बोललीस. चहावाल्याशीसुद्धा मराठीत बोललीस आणि तो आपला जी मैडम, जी मैडम करत राहिला. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी जे काही बनवलं त्यातलं सगळ्यात चांगलं काम ते होतं, आणि ते आपण दोघींनी केलं. ह्यासाठी मी तुझी कायमची ऋणी आहे. आता भांडणाचं बोलते.

त्याच दिवशी मी तुला म्हणाले की पक्क्या रेझिनमध्ये ह्याच्या दोन काढू. एक तोंडात, एक कपाटात. तू नाही म्हणालीस. संगणकात फाइल आहे ना, पाहिजे तेव्हा काढू, म्हणालीस. मी म्हटलं, फाइल काय तोंडात बसवतेस? तू म्हणालीस, तू अजून कणकेतच आहेस, वस्तू जपून ठेवायचे दिवस गेले, आता आकार जपला की झालं. वर चाचणीच्या सगळ्या प्लेटा तू स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकल्यास, त्यांच्याकडे बघवत नाही म्हणून. मी दोनतीनदा विषय काढला. तू उडवून लावलास. हे भांडण अर्धं राहिलं आहे आणि ते मी जिंकले आहे, विजू. असं जिंकायला मला नको होतं, आणि ह्याचा राग मी कुठे काढू ते मला कळत नाही.

कारण मग दुखणं छातीत उतरलं. त्या सकाळी तुला श्वास लागला म्हणून राकेशजींनी तुला इस्पितळात नेलं. ऑक्सिजनचा मास्क लावताना तिथल्या नर्सने प्लेट काढायला लावली. ते ठीक आहे, नियम आहे. तिने ती कागदी रुमालात गुंडाळून जेवणाच्या ट्रेवर ठेवली. आणि ट्रे गेला. उष्ट्या पोळीबरोबर, डाळीच्या वाटीबरोबर, तुझी टाळू कचऱ्यात गेली. अंकुरने विचारलं तर त्याला सांगितलं, डेंचर ही तो था, नया बन जाएगा.

पुढचं ऐकून माझं डोकं फिरलं. तू पाणी मागितलंस, ते नाकातून आलं, तर त्यांनी लिहिलं की पेशंट तोंडाने घेत नाही, आणि नळी घातली. तू काही सांगायला लागलीस, ते कळेना, तर म्हणाले कन्फ्यूज़्ड हैं, बड़बड़ा रही हैं। तू हात झटकलास तर म्हणाले बेचैन आहेत, आणि गुंगीचं औषध दिलं. एका माणसालाही सुचलं नाही की ह्या बाईचं डोकं शाबूत आहे, फक्त तिच्या तोंडाला छत नाही. डॉक्टर होते सगळे. तुझ्या फाइलवर ऑपरेशनचा सगळा तपशील होता. वाचायचा कोणी?

मला अंकुरचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मावशी, आईचं बोलणं समजून नाही राहिलं. मी पहिला प्रश्न प्लेटचा विचारला. त्याने सांगितलं आणि मी क्लिनिकवर धावले. तुझी फाइल उघडली. होतीच, अगदी व्यवस्थित, तुझ्या नावाने, शेवटचा बदल तुझ्याच हातचा. मशीन लावलं. ते आपल्या गतीने एकेक पातळ थर चढवत होतं, आणि त्याला घाई करता येत नाही. मी त्याच्यासमोर उभी राहून तुला शिव्या देत होते. मग धुणं, मग प्रकाशात पक्कं करणं, मग कडा घासणं. कुठलीही पायरी गाळली असती तर ती तुझ्या जखमेला लागली असती. मी काही गाळलं नाही. दुपारी प्लेट घेऊन पोचले तेव्हा तू बेशुद्ध होतीस, आणि ठरायचं ते ठरून गेलं होतं.

काय ठरलं ते तुला सांगायला हवं, कारण तुला कोणी विचारलं नाही. किंवा विचारलं, आणि उत्तर कळलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी क्लिनिकवर प्लेट काढत असताना, औषधाचा अंमल उतरून तू जागी झालीस. श्वास फार वाईट होता. डॉक्टरांनी राकेशजींना बाजूला घेऊन विचारलं होतं की व्हेंटिलेटर लावायचा का, लावला तर पुढे काय सांगता येत नाही. राकेशजींनी अंकुरकडे बघितलं. अंकुर तुझ्यापाशी आला आणि त्याने तुला सरळ विचारलं, तुझाच मुलगा शोभेल असं. तू उत्तर दिलंस. दोनदा दिलंस. आणि त्याने बाहेर येऊन वडिलांना सांगितलं, माँ कह रही हैं, जाने दो।

म्हणून तुला व्हेंटिलेटर लावला नाही. संध्याकाळी तू गेलीस. आणि सगळ्यांनी सांगितलं, शांतपणे.

आज सकाळी अंकुर क्लिनिकवर आला. शोकसभेनंतर झोपला नसावा. तुझ्या खुर्चीत बसला, मग उठून पेशंटच्या स्टुलावर बसला. मला म्हणाला की त्याने तुझं ते बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतं, मला पाठवायला. मावशीला कळेल म्हणून. पण तेवढ्यात डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं, त्याला वाटलं आपल्याला कळलं आहे, आणि ते पाठवायचं राहिलं.

त्याने ते लावलं. ऑक्सिजनचा फुसफुस आवाज, कुठलंतरी यंत्र टिकटिकतंय, त्याचा आवाज, आई, काय करू? आणि मग तू. आऊ ए. जरा थांबून पुन्हा, आऊ ए.

अंकुर म्हणाला, "मावशी, मला तेव्हा 'जाऊ दे' ऐकू आलं. एकदम क्लियर. पण काल रात्रीपासून डोक्यात फिरतंय, 'राहू दे' पण असंच लागतं ना? म्हणजे, मला राहू दे?"

ज्या पोराला चमचा आणि चहा ऐकू येत नव्हता, त्याला एका रात्रीत आपली भाषा ऐकायला यायला लागली, विजू. आणि ती अशी यायची होती.

मी त्याच्या हातातून फोन घेतला, कानाला लावला आणि पुन्हा ऐकलं. त्याला वाटलं मी नीट ऐकते आहे. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, तू बघायचीस तसाच, माझी मान हलते का ते. मी फोन खाली ठेवला, होकारार्थी मान हलवली आणि सांगितलं, "जाऊ दे म्हणाली."

त्याने विचारलं, पक्कं? मी म्हटलं, पक्कं. तुझ्या आईचा ज मी झोपेतही ओळखते. तो माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडला, मोकळा झाला, तोंड धुऊन घरी गेला. राकेशजींनाही सांगेल. ते दोघं आता झोपतील.

त्यात ज नाहीये, विजू. र पण नाही. ज जिथे उमटायचा आणि र जिथे उमटायचा ती जागाच तुझ्या तोंडात नव्हती, ती एका ट्रेवरून गेली होती. नुसता श्वास आहे आणि तीन स्वर, आणि जाऊ दे आणि राहू दे मध्ये स्वर तेच आहेत. इतके महिने तू बोललीस आणि मी ऐकलं, एकदाही खोटी मान हलवली नाही. आज हलवली. यापुढेही मला कोणी विचारलं तरी मी हेच सांगेन, शपथेवर सांगेन. पण तू राहू दे म्हणाली असशील, तर मला माफ करू नकोस.